खाडीकाठची भावकी

दाभोळच्या खाडीला ओहोटी लागली की काठाचा चिखल उघडा पडतो आणि त्यातली झाडे पार मुळांपर्यंत दिसू लागतात. तिवर, चिप्पी, कांदळ, काजळा, हुरी, मारांडी. पलीकडे धोपाव्याला जाणाऱ्या फेरीबोटीतून पाहिले तर हा सगळा एकच हिरवा पट्टा वाटतो आणि आपणही त्याला खारफुटी या एकाच नावाने ओळखतो. या झाडांची वंशावळ मात्र निराळीच हकीकत सांगते. तिवराचे गोत परसातल्या अडुळशात, कुंपणावरच्या कोरांटीत आणि घाटातल्या कारवीत आहे. चिप्पीचे गोत मेंदी, डाळिंब आणि ताम्हणात. हुरी एरंडाच्या कुळातली, काजळा वावडिंगाच्या. एकाच चिखलात, एकाच भरतीचे पाणी अंगावर घेत उभी असलेली ही झाडे नात्याने फार लांबची आहेत. तिवर आणि चिप्पी यांचा समाईक पूर्वज शोधायचा तर दहा कोटी वर्षांहून मागे जावे लागते.

कोकणातल्या वाचकाला हे पटवायला फार शब्द खर्चावे लागू नयेत. एका वाडीत राहणारे सगळे एका भावकीतले नसतात आणि एका भावकीतले सगळे एकाच वाडीत राहत नाहीत. जीवशास्त्रज्ञ गेली दीडशेहून अधिक वर्षे जे वर्गीकरण करत आले आहेत ते भावकीचे आहे. कोण कुठे राहतो, कसा दिसतो, काय खातो, माणसाच्या कोणत्या उपयोगाचा आहे, या माहितीला मोल आहेच. पण ती पुरावा म्हणून तपासली जाते. विचारायचा प्रश्न एकच असतो: हा जीव कोणापासून आला आणि त्याच पूर्वजापासून आणखी कोण कोण आले? पुढच्या प्रकरणांत या प्रश्नाची उत्तरे कशी शोधतात ते पाहायचे आहे आणि उदाहरणे होता होईतो वाशिष्ठीच्या मुखाजवळचीच घ्यायची आहेत. शाळेत हा विषय सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती अशी पायऱ्यांची यादी पाठ करून संपतो, याचे मला फार वाईट वाटते. यादी पाठ होते आणि ती कशासाठी आहे तेच कळत नाही.

खारफुटीपासूनच सुरुवात करू. खाडीच्या चिखलात जगायचे तर दोन मोठ्या अडचणी असतात. चिखलात मुळांना हवा मिळत नाही, आणि पाणी खारे. तिवर चिखलातून पेन्सिलीएवढी बारीक, सरळ श्वसनमुळे वर काढतो. चिप्पीची श्वसनमुळे बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती असतात. कांदळ बुंध्यापासूनच कमानदार मुळे खाली सोडतो आणि त्यांवर तोलून उभा राहतो. मिठाचे तेच. तिवराच्या पानावर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. उन्हाच्या वेळी पानावर बोट फिरवून जिभेला लावा, खारट लागते. कांदळ बरेचसे मीठ मुळांपाशीच अडवतो. अडचण एक, तोडगे वेगवेगळे. हे वेगळेपणच सांगते की या झाडांनी खाडीत राहण्याची युक्ती कुणा एका पूर्वजाकडून वारशाने घेतलेली नाही. वेगवेगळ्या कुळांतली झाडे वेगवेगळ्या काळी खाऱ्या पाण्यात उतरली आणि प्रत्येकाने आपापल्या परीने जम बसवला. परिस्थिती सारखी असली की लांबचे जीवही एकमेकांसारखे दिसू लागतात. वर्गीकरण करणाऱ्याला सर्वांत जास्त फसवते ते हेच साम्य.

मग नाते दिसते कुठे? पुष्कळदा फुलात आणि फळात. चिप्पीचे फूल रात्री उमलते, पांढऱ्या पुंकेसरांचा झुबका बाहेर येतो, वटवाघळे मधासाठी येतात. ते गळून फळ धरले की खालचा जाड, चामड्यासारखा निदलपुंज तसाच राहतो आणि चांदणीसारखा पसरतो. आता डाळिंब हातात घेऊन त्याच्या टोकावरचा मुकुट बघा. तोही निदलपुंजच, तसाच जाड, तसाच फळ पिकेपर्यंत टिकणारा. मुळे आणि पाने जागेप्रमाणे लवकर बदलतात. फुलाची मूळ घडण त्या मानाने सावकाश बदलते. म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञ झाड ओळखायला आधी फूल मागतात. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये पांढरी चिप्पी राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केली. ताम्हण आधीपासूनच राज्यपुष्प आहे. एक खाडीच्या चिखलातले, एक जंगलातल्या ओढ्याकाठचे, आणि दोघेही एकाच मेंदी कुलातले. हा योग कुणी मुद्दाम जुळवून आणला असेल असे वाटत नाही, पण मला तो फार आवडतो.

भावकी हे वर्गीकरणाचे सूत्र ठरण्याआधी माणसाने जीवांची विभागणी केली नव्हती असे नाही. छांदोग्य उपनिषदात जीवांचे तीन प्रकार येतात: अंडज, जीवज आणि उद्भिज्ज. ऐतरेयात स्वेदज धरून चार होतात. जन्म कसा झाला यावरून केलेली ही विभागणी नीट विचारपूर्वक केलेली आहे. दाभोळ खाडीतले भोई आणि समुद्रावर जाणारे खारवी, दालदी यांचेही आपले वर्गीकरण आहे: कोणता मासा कोणत्या जाळ्यात येतो, कोणता निमखाऱ्या पाण्यात चढतो, कोणत्या महिन्यात अंड्यावर असतो. ज्या कामासाठी ते घडले त्या कामाला ते शास्त्रज्ञाच्या वर्गीकरणाहून जास्त उपयोगी पडते. निवटी, बोय, मुडदुशी हे खाडीचे मासे म्हणून एकत्र घेणारा माणूस चुकत नाही. तो वाडी सांगतो आहे.

आज चालू असलेली नावे द्यायची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसची. वनस्पतींसाठी १७५३ चा आणि प्राण्यांसाठी १७५८ चा त्याचा ग्रंथ आधारभूत मानतात. प्रजाती आणि जाती अशा दोन शब्दांचे नाव त्याने रूढ केले आणि ते टिकले. त्याची वनस्पतींची विभागणी मात्र टिकली नाही. फुलातले पुंकेसर मोजून त्याने २४ वर्ग पाडले होते. त्या मोजणीत आठ पुंकेसरांची मेंदी एका वर्गात गेली आणि पुष्कळ पुंकेसरांचे डाळिंब दुसऱ्याच. मोजायला सोपी म्हणून ही पद्धत लोकप्रिय झाली, पण तिने नातेवाईकांची ताटातूट केली. लिनियसला आपल्याकडच्या झाडांची माहिती ज्या ग्रंथांतून मिळाली त्यांत ‘हॉर्टस मलबारिकस’ हा मोठा होता: १२ खंड, १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापलेले. कोचीनच्या इट्टी अच्युतन वैद्यांबरोबर त्या कामात तीन कोंकणी वैद्य होते, रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे. युरोपात झालेल्या वर्गीकरणाच्या पायाशी आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांचे ज्ञान आहे, हे आपल्या पाठ्यपुस्तकांनी एका ओळीत तरी सांगायला हवे.

विभागणीला वंशाचा अर्थ मिळाला तो चार्ल्स डार्विनमुळे. १८५९ च्या त्याच्या ग्रंथात आकृती एकच आहे, आणि ती आहे फांद्या फुटत गेलेल्या वंशवृक्षाची. खरे वर्गीकरण वंशावळीप्रमाणेच असले पाहिजे, असे त्याने तिथे स्पष्ट म्हटले. हा विचार त्याला बसल्या जागी सुचला नव्हता. त्याआधी १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे तो एका क्षुल्लक वाटणाऱ्या प्राण्यात गढून गेला होता, आणि तो प्राणी दाभोळच्या धक्क्यावर कुणालाही बघता येतो.

ओहोटीला खडकावर जा. तिथे कालवे चिकटलेली असतात, खडबडीत, वेड्यावाकड्या काठांची. त्यांच्या अंगावर आणि आजूबाजूला पांढरट, शंकूसारखी, टोकाशी तोंड असलेली लहान लहान कवचे असतात. होडीच्या बुडाला हीच चिकटतात आणि ती खरवडून काढण्यात माणसे हैराण होतात. ही बार्नेकल. कालवही चुन्याच्या कवचात, बार्नेकलही. दोघेही एकदा चिकटले की हलत नाहीत, दोघेही पाणी गाळून खातात. फ्रान्सच्या क्यूव्हिएसारख्या मोठ्या शास्त्रज्ञाने बार्नेकल मृदुकायांत, म्हणजे कालवे-तिसऱ्यांच्या सोबत ठेवली होती. मग १८३० मध्ये जॉन व्हॉन थॉम्प्सन याने दाखवून दिले की बार्नेकलचे पिल्लू पाण्यात पोहते, त्याला सांध्यांचे पाय असतात आणि ते कोळंबी-खेकड्यांच्या पिल्लांसारखे असते. मोठे होताना ते डोक्याकडून खडकाला चिकटते, भोवती कवच बांधते आणि उरलेला जन्म पायांनी पाणी ढवळून अन्न आत ओढत राहते. भरतीच्या वेळी खडकाशी वाकून पाहिले तर कवचाच्या तोंडातून ते केसाळ पाय बाहेर येताना आणि आत जाताना दिसतात. म्हणजे एकाच खडकावरच्या या दोघांपैकी बार्नेकलची भावकी चिंबोरीशी आणि कालवाची माकूलाशी. ज्याला कवच दिसत नाही, जो वेगाने पोहतो, ज्याचे डोळे आपल्यासारखे मोठे आहेत तो माकूल कालवाचा नातेवाईक आहे, हे ऐकून पहिल्यांदा कुणाचाही विश्वास बसत नाही. पण माकूल साफ करताना पाठीतून जी पारदर्शक काडी ओढून काढतात तो त्याच्या पूर्वजांच्या कवचाचाच अवशेष आहे.

डार्विनने सूत्र दिले, रीत दिली नाही. कोणते साम्य नाते सांगते आणि कोणते सांगत नाही, याची शिस्त जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग याने १९५० च्या ग्रंथात घालून दिली आणि १९६६ च्या इंग्रजी आवृत्तीनंतर ती जगभर पोचली. त्याचे म्हणणे असे: जुने, सगळ्यांकडे असलेले लक्षण नाते ठरवायला निरुपयोगी. नवे लक्षण, जे एका पूर्वजात प्रथम आले आणि त्याच्याच वंशजांत उतरले, तेवढेच मोजा. शिवाय एक पूर्वज घेतला तर त्याचे सगळे वंशज एका गटात आले पाहिजेत. सोयीचे ठेवून गैरसोयीचे वगळता येणार नाहीत.

ही दुसरी अट साधी वाटते, पण तिने मोठी उलथापालथ केली. मासळीबाजारातल्या टोपलीत मोरी आणि सुरमई शेजारी असतात. दोघांना कल्ले, दोघांना पर, दोघे पाण्यात. पण मोरीचा सांगाडा कूर्चेचा आणि सुरमईचा हाडांचा. हाडांच्या सांगाड्याच्या ज्या मोठ्या शाखेत सुरमई आहे त्याच शाखेतून पुढे बेडूक, सरडे, पक्षी, म्हशी आणि माणसे निघाली. मोरीची शाखा त्याआधीच वेगळी झाली होती. म्हणजे सुरमई मोरीपेक्षा ती विकत घेणाऱ्या माणसाला जवळची. मासे हा शब्द बाजारात, स्वयंपाकघरात आणि कायद्यात चालतच राहील, चाललाही पाहिजे. वंशवृक्षावर त्याला स्वतंत्र फांदी नाही. चिपळूणजवळ वाशिष्ठीच्या काठावर ऊन खात पडलेली मगर अशीच. ती घोरपडीची मोठी बहीण वाटते, पण हृदयाचे चार कप्पे, घरटे करणे, पिल्लांची राखण करणे ही लक्षणे आणि जनुके एकच सांगतात: आज जिवंत असलेल्या प्राण्यांत मगरीचे सर्वांत जवळचे नातेवाईक पक्षी आहेत. तिच्या डोक्यावरून उडून जाणारा खंड्या तिला घोरपडीहून जवळचा.

दाभोळबाहेरच्या समुद्रात गादा, म्हणजे डॉल्फिन, दिसतो तेव्हा बोटीवरचे सगळे एका बाजूला जमा होतात. डॉल्फिन आणि देवमासे मासे नव्हेत, सस्तन प्राणी आहेत, हे लिनियसने १७५८ मध्येच मान्य केले होते. पण सस्तन प्राण्यांत कुठले? जनुकांनी उत्तर दिले: समखुरी प्राण्यांतले. पाणघोडा सर्वांत जवळचा, त्यानंतर गाय, म्हैस, सांबर. म्हैस ही घोड्याहून गाद्याला जवळची आहे. नुसत्या जनुकांवर विसंबून राहावे लागले नाही, दगडांनीही साक्ष दिली. ए. रंगा राव या भारतीय भूवैज्ञानिकांनी काश्मीरमध्ये कालाकोटच्या परिसरात गोळा केलेले जीवाश्म त्यांच्या हयातीत पुरते फोडून पाहिले गेले नाहीत. पुढे ते जीवाश्मशास्त्रज्ञ हान्स थेविसन यांच्याकडे आले. त्यात मांजराएवढ्या एका खुरी प्राण्याच्या कवटीत कानाचे जे हाड सापडले त्याची जाड घडण तोवर फक्त देवमाशांच्या वंशात माहीत होती. सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीच्या या प्राण्याचे, इंडोह्यूसचे, देवमाशांशी असलेले नाते २००७ मध्ये प्रसिद्ध झाले.

जनुके वाचता येऊ लागल्यापासून वर्गीकरणाचा वेग वाढला आणि नावे बदलू लागली. त्याबद्दल शिक्षक, विद्यार्थी, वनखात्यातले लोक सगळेच कुरकुर करतात. तिवर पूर्वी सागाबरोबर व्हर्बिनेसी कुलात असे, काही जण त्याला स्वतंत्र कुल देत; २००२ मध्ये जनुकीय अभ्यासाने तो अडुळशाच्या वासक कुलात गेला. सागही त्या जुन्या कुलातून निघून तुळशीच्या कुलात गेला आहे. हा शास्त्रज्ञांचा लहरीपणा नाही. गहाळ झालेला कागद सापडला आणि वंशावळ दुरुस्त झाली.

अशा दुरुस्तीने काय साधते ते कोयनेच्या भेकावरून कळेल. कोयना धरणाचे पाणी बोगद्यांतून पोफळीला उतरते, वीज निर्माण करून वाशिष्ठीत सुटते आणि दाभोळला समुद्राला मिळते. कृष्णेवाटे बंगालच्या उपसागरात गेले असते ते पाणी अरबी समुद्रात येते. त्या कोयनेच्या परिसरातल्या एका भेकाचे वर्णन सोमण यांनी १९६३ मध्ये केले आणि त्याला बूफो कोयनायेन्सिस असे नाव दिले. बूफो ही तेव्हा जगभर पसरलेली, शेकडो जातींची प्रजाती होती. तेवढ्या गर्दीत हा आणखी एक. २००९ मध्ये एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबोलीच्या एका नव्या भेकाबरोबर त्याची जनुके तपासली तेव्हा हे दोघे बाकीच्यांपासून फार पूर्वी वेगळे झालेले निघाले. त्यांच्यासाठी झॅन्थोफ्रायनी ही नवी प्रजाती करावी लागली. तिच्यात जाती दोनच, आणि दोन्ही सह्याद्रीच्या उत्तरेकडच्या थोड्या जागांपुरत्या. भेक तोच, त्याचे डबके तेच. पण तो नाहीसा झाला तर शेकडोंपैकी एक जाणार नाही, एक फांदी अर्धी तुटणार आहे. एखादे पठार खाणीला द्यायचे की राखायचे हे ठरवताना हा हिशेब टेबलावर असायला हवा.

खारफुटीलाही तो लागू आहे. राज्यात २०१२ पासून कांदळवन कक्ष काम करतो आहे, लागवडी होतात, आणि ही मोठी जमेची बाजू आहे. पण चिखलात सहज रुजते म्हणून तिवराचीच रोपे ओळीने लावली आणि हिरवा पट्टा मोजून समाधान मानले, तर खाडीचे रक्षण झाल्यासारखे वाटेल आणि काजळा, हुरी, कांदळ यांच्या रूपाने निरनिराळ्या कुळांनी कोट्यवधी वर्षांत जमवलेले तोडगे निसटून जातील. क्षेत्रफळाबरोबर कुळेही मोजली पाहिजेत, असे मी आग्रहाने म्हणेन.

पायाखालच्या चिखलाचा उल्लेख केल्याशिवाय ही ओळख पुरी होणार नाही. हवा न पोचणाऱ्या त्या काळ्या थरांत मिथेन वायू तयार करणारे सूक्ष्मजीव राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते बॅक्टेरियांसारखेच दिसतात आणि तसेच मानले जात. अमेरिकेत कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये त्यांच्या पेशींतल्या आरएनएची तुलना केली तेव्हा ते बॅक्टेरियांपासून पार वेगळे निघाले. आज त्यांच्या गटाला आर्किया म्हणतात. या जीवांची फांदी बॅक्टेरियांपेक्षा आपल्याला, म्हणजे झाडे, बुरशी, प्राणी या सगळ्यांना, जवळची आहे.

पुढच्या प्रकरणांत ठिकठिकाणी वंशवृक्षाच्या आकृत्या येतील, त्या वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फांद्यांची टोके कोणत्या क्रमाने मांडली आहेत याला अर्थ नाही. दोन फांद्या कोणत्या फाट्यावर एकत्र येतात एवढाच अर्थ आहे. म्हणून माणूस कुठे बेडकाशेजारी, कुठे गाद्याशेजारी, अधेमधे कुठेही सापडेल. त्याला शेंड्यावर बसवण्याचे काही कारण नाही, आजच्या दिवशी जिवंत असलेला प्रत्येक जीव सारखाच काळ चालून आलेला आहे. आणि काही ठिकाणी एकाच बिंदूतून पुष्कळ फांद्या पंजासारख्या फुटलेल्या दिसतील. तिथे फाट्यांचा क्रम अजून पक्का लागलेला नाही. असा एक मोठा पंजा कोकणच्या माणसाला रोजच्या ओळखीचा आहे. कोकम, उंडी, आवळा, एरंड, जवस, कृष्णकमळ आणि खाडीतले कांदळ व हुरी हे सगळे माल्पीघिएलिस या एकाच गणातले, सुमारे १६,००० जातींचा हा गण. त्याच्या शाखा दहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास इतक्या भराभर फुटल्या की जनुकांत एकेका फाट्याची खूण उमटायला पुरेसा अवधीच मिळाला नाही. कोकम आणि उंडी यांचे नाते जवळचे, हे ठरलेले आहे. कांदळाची फांदी त्यांच्या आधी फुटली की नंतर, यावर काम चालू आहे.